अमोनिया येईल तेव्हा येईल, आधी फनेलमधून जाणारी उष्णता तरी वाचवा

इंजिनरूम (दांडिया बाजार, बडोदा)

परवा इथे एका सभासदांनी जहाजांच्या धुरावर लिहिलं. थोडक्यात म्हणणं असं, की जहाजं हिरव्या, म्हणजे सौर-पवन विजेवर बनवलेल्या, अमोनियावर गेली की प्रश्न मिटला, आणि इंजिनाची टाकाऊ उष्णता वापरण्याचा खटाटोप म्हणजे 'मरणाऱ्या तंत्रज्ञानाला सलाईन लावणं'. दोन दिवस गप्प बसलो. पण ते सलाईनचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

सव्वीस वर्षं जहाजांवर काढली, त्यातली शेवटची नऊ चीफ इंजिनिअर म्हणून. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात जाळलेल्या तेलातली साधारण निम्मी ऊर्जा प्रोपेलरच्या शाफ्टपर्यंत पोचते. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांत ही कामगिरी फार वरची आहे. उरलेल्या निम्म्यातली निम्मी फनेलमधून, म्हणजे जहाजाच्या धुराड्यातून, आकाशात जाते, बाकीची एअर कूलर, जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि वंगणाच्या कूलरमधून समुद्रात. टर्बोचार्जरमधून (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारं यंत्र) बाहेर पडणारा धूर तेव्हाही दोनशे-अडीचशे अंशांवर असतो. त्याच्या वाटेत इकॉनॉमायझर, म्हणजे पाण्याच्या नळ्यांचा संच, बसवला की वाफ फुकट मिळते. जहाजाचं जड तेल डांबरासारखं घट्ट, इंजिनात फवारायचं तर १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ते तापवते हीच वाफ. जॅकेट वॉटर ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर येतं, त्यावर निर्वातात समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी काढतात. महिनोन्‌महिने आम्ही ज्या पाण्याने आंघोळ केली ते असं बनलेलं. हे सलाईन आहे?

२००६ साली 'एमा मर्स्क' हे कंटेनर जहाज पाण्यात उतरलं तेव्हा त्यावर धुराच्या उष्णतेतून वीज काढण्याची यंत्रणा होती. मोठ्या इंजिनावर पूर्ण संच असेल तर मुख्य इंजिनाच्या शक्तीच्या दहा टक्क्यांपर्यंत वीज परत मिळू शकते.

आता अमोनियाचा हिशेब बघा. जगातली जहाजं वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त तेल जाळतात. अमोनियात वजनागणिक ऊर्जा तेलाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे लागणार ६० कोटी टनांहून जास्त. आज सगळ्या जगात, खतांसकट, सुमारे १८ कोटी टन बनतो, आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. एक टन हिरव्या अमोनियाला साधारण दहा हजार युनिट वीज लागते. ६० कोटी टनांना सहा लाख कोटी युनिट. आख्खा भारत वर्षभरात बनवतो त्याच्या तिपटीहून जास्त! ही वीज येईपर्यंत फनेलमधून उष्णता अशीच सोडत राहायची का?

छाणीकर

काका, तुमच्या सव्वीस वर्षांना नमस्कार, पण उत्तर देणं भाग आहे. मीही अमोनियाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढलीत, त्यातली बारा शिफ्टमध्ये.

टाकाऊ उष्णतेचं महत्त्व मला पटवायची गरज नाही. अमोनियाचा प्लांट तिच्यावरच चालतो. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीतून (सेकंडरी रिफॉर्मर) वायू हजार अंशांच्या आसपास बाहेर येतो, त्यावर शंभर बार दाबाची वाफ बनते, आणि त्या वाफेवर अमोनियासाठीचा वायू दाबणारा कॉम्प्रेसर फिरतो. ती वाफ बनवणारा बॉयलर बंद पडला तर प्लांट झोपतो. आमच्याइतकी उष्णतेची किंमत कुणाला ठाऊक असणार?

पण दहा टक्के वाचवले तरी नव्वद टक्के जळतातच ना? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजांचं उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं. आज मागणी दिलेलं जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं, म्हणजे आज निवडलेलं इंजिन २०५० सालीही समुद्रात असेल. 'वीज येईपर्यंत' थांबलो तर आणखी एक पिढी तेलाच्या जहाजांची उभी राहील. फनेलला कितीही इकॉनॉमायझर लावा, तेलातला कार्बन हवेतच जाणार.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीने गाळलीत. २००८ च्या मंदीनंतर जहाजं हळू चालायला लागली. इंजिन चाळीस टक्के लोडवर चालतं तेव्हा धूरही कमी आणि त्यातली उष्णताही कमी. कागदावरचे दहा टक्के तिथे कुठे मिळतात?

इंजिनरूम

गाळलं नाही, लांबण लागली म्हणून थांबलो. पण विचारलंत तर सांगतो, आणि आनंदाने सांगत नाही.

माझ्या शेवटच्या कंटेनर जहाजावर त्या वाफेवर वीज बनवणारा टर्बोजनरेटर होता. हळू चालायचा हुकूम आला आणि तो सलग चार महिने बंद राहिला. वर कमी लोडमुळे इकॉनॉमायझरच्या नळ्यांवर तेलकट काजळी साचली. पहाटे तीनला फनेलचं तापमान चढायला लागलं. काजळीने पेट घेतला होता. इंजिन थांबवलं, फिरतं पाणी चालू ठेवलं, बाहेरून पाणी मारून केसिंग थंड करत बसलो. नळ्या वितळायला लागल्या की लोखंडच पेटतं, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. ऑफिसला आधी दोनदा कळवलं होतं की धुवायला एक दिवस थांबू द्या. वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. नाव घेत नाही.

तर हळू चालल्यावर उष्णता कमी मिळते हे खरं. पण हळू चालणं हीच सगळ्यात मोठी बचत आहे. वेग दहा टक्के कमी केला तर लागणारी शक्ती सत्तावीस टक्के घटते, प्रवास लांबतो तो धरूनही फेरीमागे एकोणीस टक्के तेल वाचतं. त्याला ना नवं इंधन लागतं, ना नवं जहाज.

खलाशाची_आई

मी इंजिनिअर नाही. माझा मुलगा थर्ड इंजिनिअर आहे, पुढच्या महिन्यात परत जॉइन होतोय. म्हणून हे सगळं वाचते.

आम्ही बडोद्याजवळ बाजव्याच्या बाजूला राहायचो. एका रात्री एका कारखान्यातून वास आला. डोळ्यांतून पाणी, घसा जळायला लागला. सासऱ्यांनी टॉवेल ओले करून सगळ्यांच्या तोंडावर बांधले आणि आम्ही वाऱ्याच्या आडव्या दिशेला चालत सुटलो. मुलगा चार वर्षांचा होता, कडेवर. तासाभराने घरी आलो. कुणाला काही झालं नाही, पण तो वास मी विसरलेली नाही.

आम्हाला चालायला रस्ता होता. समुद्राच्या मधोमध इंजिनरूममध्ये नळी फुटली तर त्या वीस-बावीस पोरांनी कुठे चालत जायचं? हा प्रश्न कुणाच्याच लिहिण्यात नाही. सगळे टनांत बोलताहेत.

छाणीकर

ताई, तुमच्या सासऱ्यांनी अगदी बरोबर केलं. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो, आणि वाऱ्याला आडवं निघणं हीच पहिली शिकवण आमच्याकडेही असते.

लपवाछपवी करणार नाही. २५ पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) माणूस आठ तासांची पाळी करू शकतो, ३०० पीपीएम ही जिवाला धोका असल्याची पातळी. उणे ३३ अंशांवरचा द्रव सांडला तर थंड ढग जमिनीलगत पसरतो. म्हणूनच जहाजाच्या इंजिनरूममधली नळी दुहेरी भिंतीची असते, मधल्या पोकळीतली हवा सतत ओढून तपासली जाते आणि गळती कळताच पुरवठा बंद होतो. आणि हा वायू समुद्राला नवा नाही. वायू वाहणारी जहाजं दरवर्षी दीड-दोन कोटी टन अमोनिया वाहून नेतात, कित्येक दशकं. इंधन म्हणूनही २०२४ साली सिंगापूर बंदरात 'ग्रीन पायोनियर' जहाजावर डिझेलबरोबर वापरून झाला.

खलाशाची_आई

माल म्हणून टाकीत बंद असणं वेगळं आणि इंजिनात रोज जाळणं वेगळं. घरात सिलिंडर असणं आणि शेगडी पेटवणं यात जेवढा फरक तेवढा.

इंजिनरूम

ताई बरोबर बोलल्या. कार्गो टँक उघडायचा प्रसंग महिन्यातून एखादा. इंजिनाचे इंजेक्टर, पंप, सील यांना रोज हात लागतो. रात्री दोन वाजता, डुलत्या जहाजावर, झोप न झालेल्या माणसाचा हात. प्लांटवर तुमच्याकडे फायर टेंडर आहे, गेटवर अँब्युलन्स आहे. जहाजावर पळण्यासाठीचा जो छोटा हवेचा संच असतो तो दहा-पंधरा मिनिटं पुरतो, आणि तो इंजिनरूममधून डेकवर येण्यापुरताच असतो. डेकवरही ढग असला तर?

छाणीकर

म्हणजे माणसं शिकवायचीच नाहीत? पेट्रोलचे टँकरही जळतात, म्हणून पेट्रोल बंद केलं का आपण? भीतीवरच धोरण ठरवायचं तर आमच्यासारख्या हजारो लोकांनी रोज शिफ्टला जाऊन काय मूर्खपणा केला? माझ्या दोन सहकाऱ्यांच्या हातांवर अमोनियाच्या भाजल्याच्या खुणा आहेत. ती माणसं आजही कामावर जातात, कारण काम कसं करायचं ते त्यांना माहीत आहे. त्यांना न विचारता 'विषारी' म्हणून मोकळं होऊ नका.

हिशेबनीस

इंधनावर भांडताय, पण पैसे कोण भरणार ते कुणी बोलत नाही. युरोपने २०२४ पासून जहाजांना कार्बन बाजारात ओढलं, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यायला लावले. पहिल्या वर्षाच्या ४० टक्के उत्सर्जनाचे परवाने, २०२५ च्या ७० टक्क्यांचे, २०२६ पासून पूर्ण शंभर. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचंही निम्मं उत्सर्जन त्यात धरतात. त्यावर २०२५ पासून इंधनाचा वेगळा नियम. माझ्या एका अशीलाचा कारखाना बडोद्यात मकरपुऱ्याला, माल रॉटरडॅमला जातो. भाड्याच्या बिलात आता 'उत्सर्जन अधिभार' अशी वेगळी ओळ येते. हवेत दीडशे वर्षं कोळसा कुणी जाळला? आणि अधिभार कोण भरतंय, तर मकरपुऱ्याचा छोटा कारखानदार!

सगळ्या जगाला एकच दर लावायचा प्रयत्नही झाला. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सागरी संघटनेत मसुदा ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य झाला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच सभेने ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला. जहाज पंचवीस वर्षांचं आणि नियम सहा महिन्यांचा. कोण मालक अमोनियात पैसे घालेल?

छाणीकर

हा मुद्दा मात्र खरा आहे. किमतीची खात्री नसेल तर हिरव्या अमोनियाचा प्लांट उभाच राहत नाही. तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत असं तुम्हाला वाटत नसेल, पण लिहिलंय.

सुरसागर

जहाजं बदलणार म्हणजे जुनी आपल्या अलंगलाच येणार. माझ्या घरातलं जेवणाचं टेबल अलंगचं आहे, एका प्रवासी जहाजावरचं. चार इंच जाडीचं सागवान, कडेला पितळी पट्टी, समुद्र खवळल्यावर ताट घसरू नये म्हणून. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात, आणि पत्रा वितळवत नाहीत, तापवून थेट लाटून सळया काढतात. खाणीतून नवं पोलाद काढण्यापेक्षा किती तरी कमी कोळसा. हे कुणाच्या हिशेबात आहे का?

टेबल आणलं त्या वेळची गोष्ट सांगतो. दहेज-घोघा रो-रो बोटीवर गाड्या घ्यायला नुकती सुरुवात झाली होती, २०१८ ची दिवाळी. टेम्पो बोटीत चढवला आणि समोरच्या काठावर उतरलो. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरचा वळसा, समुद्रातून तीस-एकतीस. आणि ती सोय बंद केली!

हिशेबनीस

बंद 'केली' नाही, बंद पडली. नर्मदेच्या मुखाशी किती गाळ येतो माहीत आहे ना? खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. गाळ काढला की पुन्हा भरतो. तो खर्च कुणाच्या खिशातून?

सुरसागर

२०१७ साली बोट सुरू झाली तेव्हाच गाळ आला का? नर्मदा तिथे हजारो वर्षं आहे! आधी विचार करायला हवा होता. २०२० साली हजिऱ्याहून सुरू केली, छान. पण बडोद्याच्या माणसाने भरूच, सुरत ओलांडून हजिऱ्याला जायचं आणि मग बोट धरायची? त्यापेक्षा सरळ रस्त्याने भावनगर गाठेन. आमची आत्या भावनगरला असते, पंच्याऐंशी वर्षांची. दहेजची बोट चालली त्या दोन वर्षांत मी तिला सात वेळा भेटलो. त्यानंतर दोनदा.

नवखा (सयाजीराव विद्यापीठ, मेकॅनिकल)

पण काका, बोट भरलेली असेल तरच टनामागे तेल ट्रकपेक्षा कमी लागतं. अर्धी रिकामी बोट वेगात पळवली तर रस्ताच बरा पडू शकतो.

सुरसागर

मी स्वतः बसलोय त्या बोटीत. भरलेली होती. तू तेव्हा शाळेत असशील.

नवखा

शाळेतच होतो. सहलीला त्याच बोटीने गेलो होतो, आणि आमची फेरी रिकामी होती.

हिशेबनीस

एका फेरीवरून दोघांनीही काही सिद्ध होत नाही. ओखा बंदर बडोदा संस्थानाने उभं केलं ते एका फेरीचा अनुभव घेऊन नाही, पन्नास वर्षांचा व्यापार डोळ्यांसमोर ठेवून. सयाजीरावांच्या राज्यात आणि आजच्यात हा फरक आहे.

सुरसागर

महाराजांना मध्ये आणायची गरज नव्हती. आत्याचं दुःख तुमच्या वहीत बसत नाही एवढंच म्हणा.

खलाशाची_आई

भाऊ, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला.

नवखा

विषयावर येतो. इंजिनरूम काका आणि छाणीकर ताई, तुम्ही दोघं एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगताय असं मला वाटतं. मी फक्त वर्गात शिकलोय, चुकत असेन तर सांगा.

इकॉनॉमायझरमध्ये धूर फार थंड करता येत नाही, कारण तेलात गंधक असतं. तापमान खाली गेलं की गंधकाचं आम्ल नळ्यांवर जमतं आणि त्या खातं. अमोनियात आणि मिथेनॉलमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल, तेही जहाजाचं नवं इंधन) गंधक नाही, फक्त पेटवायला लागणाऱ्या थोड्या डिझेलमधलं येईल. म्हणजे धुरातून आतापेक्षा जास्त उष्णता ओढता येईल. शिवाय जड तेल तापवायला जी वाफ जाते ती लागणारच नाही, ती वीज बनवायला मोकळी. कमी तापमानाच्या उष्णतेसाठी पाण्याऐवजी लवकर उकळणारा सेंद्रिय द्रव वापरणारी चक्रंही आहेत. आणि हिरवं इंधन तेलाच्या कित्येक पट महाग असेल, तर वाचवलेल्या प्रत्येक किलोची किंमतही तितकीच वाढते. मग उष्णता वाचवणं नव्या इंधनाबरोबरच जास्त परवडतं ना?

इंजिनरूम

हे मी लिहायला हवं होतं. तेल तापवायच्या वाफेत आयुष्य गेलं, ती लागणारच नाही हे डोक्यात आलं नाही. हळू चालण्याचा अडसर तिथेही राहील, पण मुद्दा बरोबर आहे.

माझी अट मात्र कायम. अमोनिया हिरवाच हवा. नैसर्गिक वायूपासून बनवलेला घातला तर टनामागे पावणेदोन-दोन टन कार्बन डायऑक्साइड कारखान्यातच सुटतो, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी तेल जाळण्यापेक्षा हवा जास्त बिघडते. फनेल स्वच्छ आणि धूर छाणीला, तुमच्या कारखान्याकडे, असं नको.

छाणीकर

धूर छाणीला हे वाक्य लागलं, पण चुकीचं नाही. मान्य. आणि मीच भर घालते: अमोनिया नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साइड निघतो, टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या दोनशे सत्तर पटींच्या आसपास हवा तापवणारा. ते इंजिनात आणि धुरावरच्या प्रक्रियेत आवरता आलं नाही तर सगळं मुसळ केरात. एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, तेच झालं. धुरातला कार्बन वीसेक टक्के कमी, पण काही इंजिनांतून मिथेन न जळताच निसटतो.

सलाईनचं वाक्य माझं नव्हतं, पण त्या लेखाला मी लाइक दिला होता. काढून टाकला.

इंजिनरूम

एवढं पुरे.

हिशेबनीस

मिथेनॉल कुणी नीट घेतलंच नाही. २०२३ साली 'लॉरा मर्स्क' त्यावर निघालं, २१०० कंटेनरचं, पुढच्याच वर्षी सोळा हजारांचं आलं. साध्या तापमानाला द्रव राहतं, जुन्या टाक्या बदलून भरता येतं. फक्त आपल्या गुजरातेत मिथेनॉल म्हटलं की लठ्ठाकांड, म्हणजे विषारी दारूचे बळी, आठवतं. २०२२ चं बोटाद कोण विसरेल? जहाजावर त्याच्या टाकीला कुलूप आणि हिशेब दोन्ही हवेत.

छाणीकर

खलाशाच्या आईंना उत्तर द्यायचं राहिलं, ते आधी द्यायला हवं होतं. ताई, जहाजावरचे नियम अजून तयार होताहेत, आणि तुमचा प्रश्न त्या नियमांच्या मुळाशी असायला हवा. इंजिनरूममधून बाहेर पडायच्या दोन वाटा, डेकवर वाऱ्याकडची सुरक्षित खोली, प्रत्येकाला पूर्ण तोंडाचा मास्क. हे नसेल त्या जहाजावर अमोनिया येऊ नये, हे मी लेखी म्हणते.

तुमच्या मुलाचं जहाज आत्ता तेलावरचंच असेल, पण पुढे कधी गरज पडेल. येत्या रविवारी सकाळी त्याला माझ्या घरी पाठवा. शिकवायचा एक जुना श्वसनसंच माझ्याकडे आहे. बांधायचा कसा, झडप किती उघडायची, हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की किती वेळ उरतो, तासाभरात दाखवते. डोळे मिटून घालता आला पाहिजे.

इंजिनरूम

मीही येतो. जहाजावर तो अंधारात घालावा लागतो, ते मी दाखवीन.

खलाशाची_आई

रविवारी दहाला त्याला घेऊन येते. त्याला चष्मा आहे, लहानपणापासून. काड्यांमुळे मास्क कानाशी नीट बसत नाही असं तो एकदा बोलला होता, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. तेवढं आधी बघा.